बायोडेटातली उंची

आठवड्याचे पाच दिवस मी एका विमा कंपनीत बसून माणसं कधी मरतील याचा अंदाज बांधतो, आणि शनिवार-रविवारी मुलं किती वाढतील याचा. दोन्ही कामांत एक सोय आहे. अंदाज चुकला हे सिद्ध होईपर्यंत तो कोणी बांधला होता हे लोक विसरलेले असतात.

दुसऱ्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथल्या, म्हणजे ओहायोतल्या डब्लिनच्या, मराठी मंडळींना ते अजून नीट कळलेलं नाही. माझी मुलगी अनिका सहाव्या वर्षी आइस हॉकी खेळू लागली आणि बाराव्या वर्षी तिने ते सोडून वादविवादाचा क्लास धरला. ती बाहेर पडली. आता आपणही बाहेर पडायचं असतं हे मला कोणी सांगितलं नाही. मी आपला दर शनिवारी बर्फाच्या रिंकच्या गारठलेल्या बाकावर बसून वहीत खुणा करत राहिलो. एके दिवशी शेजारचा एक अगडबंब माणूस वहीत डोकावला आणि म्हणाला, "या खुणा कसल्या?"

मी सांगितलं, "पक आपल्याकडे यायच्या आधी कुठला मुलगा किती वेळा खांद्यावरून मागे बघतो, ते मोजतोय." पक म्हणजे या हॉकीत चेंडूऐवजी असते ती रबरी चकती.

त्याने तीन पानं उलटली, खिशातून एक टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. तो डेल हॅन्सन. आयोवातल्या 'हार्वेस्टर्स' नावाच्या ज्युनियर संघाचा मुख्य स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा. तेव्हापासून मी ओहायोचा स्काउट आहे. माझी नेमणूक इतक्यावरच झाली.

ज्युनियर संघ म्हणजे सोळा ते वीस वर्षांची मुलं. देशभरातून गोळा करतात, परक्या कुटुंबांत ठेवतात, तिथल्याच शाळेत घालतात आणि मोसमात साठ सामने खेळवतात. चांगली कॉलेजं तिथून मुलं उचलतात. दर मे महिन्यात या संघांचा ड्राफ्ट असतो, म्हणजे प्रत्येक संघाने आळीपाळीने एकेक मुलगा निवडायचा. त्याआधी आमच्यासारख्यांनी लिहून द्यायचं असतं की आज पंधरा वर्षांचा असलेला हा मुलगा एकोणिसाव्या वर्षी काय असेल. आपल्याकडे हे काम पत्रिका बघून करतात. इथे आई-बाप बघून.

"मुलगा दहा मिनिटं बघायचा आणि आई-बाप वीस मिनिटं," असं डेल म्हणतो. बापाची उंची, आईची उंची, बेरीज करायची, त्यात पाच इंच मिळवायचे, निम्मे करायचे. मुलगा साधारण तिथवर जातो. डेलच्या हिशेबात हा आकडा पाच फूट आठ इंचांच्या खाली गेला तर तो मुलगा यादीत येत नाही. आणि बाप उंची सांगताना फुगवतातच, हा तीस वर्षांचा अनुभव असल्यामुळे तो शेवटच्या आकड्यातून एक इंच डोळे मिटून वजा करतो. आयांच्या आकड्याला तो हात लावत नाही. आया खोटं बोलत नाहीत, असं त्याचं मत आहे. त्याचं लग्न झालेलं नाही.

त्या वर्षी माझ्या वहीत आर्य देवस्थळी होता. पंधरा वर्षं आठ महिने, उंची पाच फूट पाच, वजन भिजलेल्या कपड्यांसकट एकशे अठ्ठावीस पौंड. बाकीची मुलं एका सामन्यात नऊ-दहा वेळा खांद्यावरून मागे बघतात. आर्य सदतीस वेळा बघायचा. पक त्याच्याकडे पोचायच्या आधी तो पुढे कुठे जाणार हे त्याचं ठरलेलं असायचं, त्यामुळे तो कधी घाईत दिसायचा नाही. बर्फावर एकटा तोच चालत असल्यासारखा वाटे, आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचे.

त्याचा बाप सुमंत. बँकेत डेटाबेस सांभाळतो, दर सामन्याला स्टँडमध्ये शेवटच्या पायरीवर उभा असतो, कधी बसत नाही. त्याला उंची विचारली तेव्हा तो पटकन म्हणाला, "पाच नऊ. वल्लरी पाच चार."

माझा हिशेब झाला: आर्य पाच-नऊ होणार. डेलने इंच वजा केला तरी पाच-आठ. काठावर, पण यादीत. मी रिपोर्ट पाठवला आणि निवांत झालो.

मार्चमध्ये एका रविवारी सुमंतने मला पोह्यांना बोलावलं. तोवर आम्ही चार वर्षं भेटत होतो ते रिंकवर, नाहीतर मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत. दोन्हीकडे पायात बूट. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच जात होतो, आणि मराठी घरात शिरताना माणूस जे करतो ते मी केलं. बूट दारात काढले. सुमंतचे जाड तळव्यांचे, गिर्यारोहणाचे बूट तिथे आधीच उभे होते. ओहायोत डोंगर नाहीत.

स्वयंपाकघरात तो फ्रिजमधून कोथिंबीर काढत होता. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि मला काहीतरी नवीन दिसलं. ते सुमंतचं टक्कल होतं. चार वर्षांत मी ते वरून कधी पाहिलं नव्हतं. माझी उंची पाच-सात आहे.

"सुमंत," मी म्हणालो, "तू पाच-नऊ ना?"

"हो."

"आत्तासुद्धा?"

त्याने फ्रिज लावला. वल्लरी पोहे परतत होती, तिने मान न वळवता सांगितलं, "हवामानावर असतं ते."

आर्य टेबलाशी बसून पोह्यांवर केचप घालत होता. तो म्हणाला, "डॅड, जस्ट टेल हिम."

"काय सांगायचंय? काही नाहीये सांगण्यासारखं." सुमंत माझ्यासमोर बसला. मग स्वतःच सांगू लागला. "हे बघ, मी स्वतः बायोडेटात पाच-सात लिहिलं होतं. तेही राउंड फिगर करून. संजयमामाने वाचलं. म्हणाला, मुलीकडचे एक इंच वजा करतातच, आपण आधीच घालून ठेवावा. त्याने आठ केलं. मग वधू-वर सूचक केंद्रातल्या बाईंनी टाइप करताना नऊ केलं. म्हणाल्या, सगळेच वजा करतात."

"आणि नंतर?"

"नंतर लग्न झालं ना यार! मग तेच व्हिसाच्या फॉर्मवर, तेच लायसन्सवर. ओहायो राज्य मानतं. तुझ्या आयोवाला काय झालंय?"

"खरी किती?"

"सहा," वल्लरी म्हणाली. "पाच सहा. मला अंतरपाट धरला तेव्हाच कळलं. पाच-नऊच्या माणसाचं फेट्यासकट अर्धं डोकं तरी वर दिसायला हवं. मला नुसता तुरा दिसत होता."

सुमंतने वळून तिच्याकडे पाहिलं. ही माहिती त्याला एकोणीस वर्षं उशिरा मिळत होती. "मग बोलली का नाहीस?"

"मंगलाष्टका चालू होत्या."

तिने वरच्या फडताळातून शेवेचा डबा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. डबा सर्वांत वरच्या खणात होता आणि तो काढायला तिला टाचा उचलाव्या लागल्या नाहीत. हे मी पाहिलं. संख्याशास्त्राच्या पदव्या दोन असूनही नोंदवलं नाही.

मी मनातल्या मनात बेरीज केली. आर्यचा आकडा पाच-साडेसात. डेल इंच वजा करणार, म्हणजे पाच-साडेसहा. यादीतून बाहेर.

"रिपोर्ट बदलावा लागेल," मी म्हणालो.

"का?" सुमंतचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कोणाला कळणारे? तुला कळलं कारण तू बूट काढून आलास. त्या डेलच्या घरी कोणी बूट काढतं का? श्रीराम, दुसरा कुठलाही संघ याला बघायलासुद्धा आलेला नाही. तुझी वही सोडली तर याच्याकडे काही नाहीये."

हे खरं होतं, म्हणून मी पोहे खाल्ले. त्या घरात हॉकीचे कपडे आणि पॅड्स दिवाणखान्यातच वाळत होते आणि सोफ्यावर बसायला जागा नव्हती. कोणी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली नव्हती. ज्या घरात एखाद्या गोष्टीची इतकी सवय झाली आहे तिथे तिचं काय होणार हे सांगायला मला आवडत नाही. विमा कंपनीत निदान माणूस समोर पोहे खात नसतो.

बोलला शेवटी आर्यच. "काका, इफ दे टेक मी ॲज फाइव्ह-नाइन अँड आय डोन्ट ग्रो, दे'ल कट मी. मिडल ऑफ द इयर. मग मी परत डब्लिनला येणार, अँड एव्हरीवन विल नो." त्याने केचपची बाटली बंद केली. "पुट द रिअल नंबर."

"एक विचारू का? तू इतक्या वेळा मागे का बघतोस?"

श्वास का घेतोस असं विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं. "बिकॉज आय'म स्मॉल, काका. नाही बघितलं तर मरतो."

चार वर्षं मी ज्याला देणगी म्हणून खुणा करत होतो ती भीती होती, आणि तिला त्याने कामाला लावलं होतं. घरी जाऊन मी दुरुस्त आकडा आणि हे वाक्य, दोन्ही डेलला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी डेलचा फोन आला. "पाच-साडेसात. माझा इंच गेला की साडेसहा. सॉरी, श्री."

"डेल, इंच आधीच गेलाय. तीन गेलेत. बापाने स्वतःहून सांगितलंय."

"खोटं बोलणारा बाप असंच म्हणेल."

"तो कबूल करतोय की तो खोटं बोलला!"

"तेच म्हणतोय मी."

वधू-वर सूचक केंद्रातल्या बाई आणि डेल हॅन्सन यांची कधी भेट झाली नाही याचं मला वाईट वाटलं. दोघांचं जमलं असतं.

मग डेल म्हणाला, "त्या मुलाचं ते वाक्य चांगलं आहे. हे बघ, अर्धा इंच कमी असेल तर मी कोचशी भांडू शकतो. दीड इंचासाठी नाही. शनिवारी मी तुमच्या शेजारी कोलंबसला येतोय. बापाला आण. अनवाणी."

मी सुमंतला हे सांगितलं. तो म्हणाला, "लोक असतील ना तिथे?"

"असतील."

"बरं."

शनिवारी रिंकमध्ये बारा संघांची स्पर्धा होती. म्हणजे निदान दोनशे आई-बाप, कॉफीचे कप आणि ओरडणारी धाकटी भावंडं. स्केट्सना धार लावायच्या खिडकीशेजारी एक दाराची चौकट आहे, तिच्यावर इथल्या मुलांच्या उंचीच्या वर्षानुवर्षांच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. डेल तिथे सुताराचा टेप आणि लाकडी गुण्या घेऊन उभा होता. त्याने सुमंतशी हात मिळवला आणि चौकटीकडे बोट केलं.

सुमंत खाली वाकला. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले. आत दोन-दोन जादा तळवे होते, एकावर एक. तेही बुटाबरोबर अर्धवट बाहेर आले. त्याने ते परत आत ढकलले आणि बूट नीट जोडीने भिंतीशी लावून ठेवले, जणू कोणाच्या घरी आलाय. मग मोजेही काढले. आमच्या मागे नाचोची रांग थांबली होती आणि रांगेतले लोक बघत होते. मंडळाचे खजिनदार शिव गोखलेही त्यात होते. सुमंत पाठ टेकवून उभा राहिला, समोर बघत, शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहतात तसा. आर्य पूर्ण पॅड्समध्ये काचेपलीकडून बघत होता.

डेलने गुण्या डोक्यावर ठेवला. "पाच फूट सहा."

"अगदी सहा?" सुमंतने विचारलं.

"अगदी."

"पाव वगैरे?"

"नाही."

"ठीक आहे," सुमंत म्हणाला, आणि मोजे घालायला कुठेही न टेकता एका पायावर उभा राहिला. ते जमलं नाही. वल्लरीने त्याचा दंड धरला.

डेलने वहीत लिहिलं. माझ्या डोळ्यांदेखत त्याने काहीही वजा केलं नाही. "तीस वर्षांत," तो मला म्हणाला, "सांगितलेला आकडा निघालेला हा पहिला बाप." मग त्याने बेरीज केली. "पाच-साडेसात. अर्धा इंच कमी. मी कोचशी बोलून बघतो. कळवतो तुम्हाला." आणि वही मिटली.

वल्लरीला इंग्रजी उत्तम येतं, पण हे वाक्य तिने मराठीतून ऐकलं असावं. ज्या मुलीला दाखवायच्या कार्यक्रमांत बसवलेलं आहे तिला 'कळवतो'चा स्वर कुठल्याही भाषेत ओळखू येतो. चहा पिऊन, पोहे खाऊन मुलाकडचे निघतात आणि दारात म्हणतात तो स्वर.

"एक्स्क्यूज मी," ती डेलला म्हणाली. "माझी नाही घेतलीत."

"मॅडम, तुमची आहे. पाच-चार. आयांची मी मोजत नाही."

"मोजा."

तिने पायातल्या चपट्या चपला काढून सुमंतच्या बुटांशेजारी ठेवल्या. चौकटीला पाठ लावली. आणि मग तिने मान सरळ केली. चार वर्षांत मी तिला मान सरळ केलेली पाहिली नव्हती. मला ती जरा वाकून चालणारी बाई म्हणूनच माहीत होती. आता कळलं की ती पाठ नव्हती, तो निर्णय होता.

डेलने गुण्या ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "पाच फूट साडेसहा."

वल्लरी मराठीत म्हणाली, "बाबांनी अडीच इंच कापले होते. उंच मुलीला स्थळं येत नाहीत म्हणून. नऊ ठिकाणांहून नकार आला होता तोवर, उंचीवरून."

"म्हणजे तू माझ्यापेक्षा..." सुमंत म्हणाला.

"अर्धा इंच."

सुमंतच्या हातात अजून एक मोजा होता. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "वरचे डबे तूच काढतेस. मला वाटायचं, तुला ते कोणी बोललेलं आवडणार नाही."

"मला वाटायचं तुला."

"आणि त्या चपला? तू तर म्हणालीस टाच दुखते."

"एकोणीस वर्षं कोणाची टाच दुखते, सुमंत?"

तो हसायला लागला. आधी थोडा, मग इतका की डेलने माझ्याकडे काळजीने पाहिलं. मी डेलला थोडक्यात भाषांतर करून सांगितलं, स्थळ म्हणजे काय इथपासून. तो लक्ष देऊन ऐकत होता, पण मला वाटतं त्याला त्यातलं एकच कळलं: आयासुद्धा. त्याने वही पुन्हा उघडली आणि बेरीज केली. सहासष्ट, अधिक साडेसहासष्ट, अधिक पाच, भागिले दोन. पाच फूट पावणेनऊ.

म्हणजे माझा पहिला रिपोर्ट, जो दोन घराण्यांच्या खोट्यावर उभा होता, फक्त पाव इंचाने चुकला होता. विमा कंपनीत बावीस वर्षांत इतका अचूक अंदाज मी एकदाही बांधलेला नाही.

"वजा करणार?" मी डेलला विचारलं.

तो काचेपलीकडे बघत होता. शिट्टी झाली होती आणि आर्य बर्फावर गेला होता. पक मागच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे येत होता आणि सहा फुटी एक पोरगं त्याच्या पाठीमागून निघालं होतं. आर्यने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पक घेतला आणि तिथून गेला. ते पोरगं जाऊन फळीवर आदळलं.

"काय वजा करू?" डेल म्हणाला.

मे महिन्यात हार्वेस्टर्सनी आर्यला नवव्या फेरीत घेतलं. नववी फेरी म्हणजे निम्मे संघ जेवायला गेलेले असतात. पण यादी ती यादी. शिव गोखल्यांनी मंडळाच्या वार्तापत्रात अभिनंदन छापलं आणि त्यात आर्यची उंची पाच फूट नऊ इंच लिहिली. मी फोन करून विचारलं तर म्हणाले, "पावणेनऊ कशाला छापायचं? वाचणारे वजा करतातच."

ऑगस्टमध्ये तो आयोवाला निघाला तेव्हा मी निरोप द्यायला गेलो होतो. गाडीत हॉकीच्या बॅगा आणि एक प्रेशर कुकर. आयोवातल्या ज्या कुटुंबात तो राहणार होता त्यांना वल्लरी वरणभात शिकवून येणार होती. तिच्या पायात टाचेचे सँडल होते, नवे, आणि त्यांत तिला अजून नीट चालता येत नव्हतं. सुमंतच्या पायात साध्या चपला होत्या. दोघं शेजारी उभे राहिले की तो तिच्या कानापर्यंत यायचा, आणि फोटो काढताना दोघांपैकी कोणी सरकलं नाही.

"किती झालास?" मी आर्यला विचारलं.

"फाइव्ह-फाइव्ह अँड अ हाफ," तो म्हणाला. "बेअरफूट."

गाडीत बसायच्या आधी त्याने एकदा डाव्या खांद्यावरून मागे पाहिलं, एकदा उजव्या. ड्राइव्हवेमध्ये त्याला धडकायला कोणी येत नव्हतं. नुसतं घर होतं आणि मी होतो. वही आणलेली नव्हती, पण सवयीने मी दोन मोजले.